कुत्र्याच्या थायरॉईड रिपोर्टमध्ये एवढे कॉलम आले कुठून

कुत्रा जाड झालाय, दिवसभर लोळतो, शेपटीवरचे केस गेलेत आणि रिपोर्टमध्ये टी-फोर (थायरॉईड ग्रंथी बनवते ते हॉर्मोन) ०.८ आलाय, खालची मर्यादा १, म्हणजे थायरॉईडच, चला गोळी सुरू. असं खूप घरांत होतं. तो आकडा खोटा नसतो, पण नुसत्या त्याच्यावर निदान करायला गेलं की फसायला होतं हे डॉक्टर लोकांना कळायला बरीच वर्षं गेली, आणि रिपोर्टमधला पुढचा प्रत्येक कॉलम आधीचा कॉलम कुठेतरी कमी पडला म्हणून आलाय.

गंमत म्हणजे औषध आधी आलं आणि टेस्ट खूप नंतर. १८९१ मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क थायरॉईड मंदावलेल्या एका बाईंना टोचला, त्या बाई पुढे २८ वर्षं जगल्या. १९१४ च्या ख्रिसमसला अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये केंडल यांनी थायरॉक्सिन, म्हणजेच टी-फोर, वेगळं काढलं आणि १९२७ मध्ये हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते लॅबमध्ये बनवून दाखवलं. पण रक्तात ते इतकं कमी असतं की थेट मोजायची सोयच नव्हती, मग प्रोटीनला चिकटलेलं आयोडीन मोजा, कोलेस्टेरॉल वाढलंय का बघा, असे आडून आडून अंदाज बांधायचे. कुत्र्यात तर माणसापेक्षाही कमी, त्यामुळे अंदाज अजूनच ढोबळ.

हे बदललं ते रेडिओइम्युनोअसेमुळे, म्हणजे अँटिबॉडी आणि किरणोत्सारी खूण वापरून रक्तातली अगदी बारीक मात्रा मोजायच्या पद्धतीमुळे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत इन्सुलिनसाठी काढली (यॅलोंना १९७७ मध्ये नोबेल मिळालं, बर्सन १९७२ मध्येच गेले होते त्यामुळे त्यांचं राहिलं). मग हीच पद्धत टी-फोरला लागली. टी-फोरचा रेणू माणसात आणि कुत्र्यात अगदी सारखाच, म्हणून माणसांची किट कुत्र्यांना चालली, फक्त मोजपट्टी खाली आणावी लागली, कारण माणसाचा आकडा १०० मिलीला साधारण ५ ते १२ मायक्रोग्रॅम आणि कुत्र्याचा १ ते ४ च्या आसपास, लॅबप्रमाणे थोडं इकडेतिकडे. टेस्ट स्वस्त झाली आणि मग काय, खाज, लठ्ठपणा, आळस, चिडचिड, सगळ्याचं खापर थायरॉईडवर. आजही कुत्र्यांमध्ये गरज नसताना लावलं जाणारं लेबल म्हणून याच आजाराचं नाव वर असतं.

कारण टी-फोर खाली यायला थायरॉईड बिघडायलाच पाहिजे असं अजिबात नाही. घरात आजारपण आलं की बाकीचे खर्च आवरतात ना, तसं शरीर दुसऱ्या कुठल्याही आजारात टी-फोर स्वतःहून खाली आणतं, ग्रंथी ठणठणीत असते. स्टेरॉइड चालू असेल, फिट्ससाठी फेनोबार्बिटल चालू असेल तरी तेच. सल्फावाली अँटिबायोटिक्स तर ग्रंथीचं काम खरंच मंदावतात, पण औषध थांबवल्यावर काही आठवड्यांत ती परत सुरळीत होते.

मग खरा कोण आणि खोटा कोण ओळखायला टोचून बघायची टेस्ट आली: रक्त घ्या, गायीबैलांच्या पिट्युटरी ग्रंथीतून काढलेलं टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हॉर्मोन) टोचा, काही तासांनी परत रक्त घ्या. ग्रंथी धड असेल तर टी-फोर उडी मारणार, नासलेली असेल तर ढिम्म. उत्तम टेस्ट होती खरं तर, पण १९९० च्या दशकात ते जनावरांचं टीएसएच औषध म्हणून मिळायचंच बंद झालं. पुढे माणसांसाठी बनवलेलं कृत्रिम टीएसएच आलं, कुत्र्यात चालतंही, पण किंमत ऐकून माणूस गप्प बसतो.

त्याच दशकात कुत्र्याचं स्वतःचं टीएसएच मोजायची किट आली. ग्रंथी थकली की मेंदूखालची पिट्युटरी टीएसएच वाढवून तिला हाकते, म्हणजे टी-फोर कमी आणि टीएसएच जास्त ही जोडी दिसली की संशय पक्का व्हायचा. फक्त खरंच थायरॉईड मंदावलेल्या कुत्र्यांतल्या पाव ते एक तृतीयांश कुत्र्यांचं टीएसएच नॉर्मलच येतं, त्यामुळे टीएसएच नॉर्मल म्हणून सुटका असं होत नाही. आणि टीएसएच हे टी-फोरसारखं सगळ्या प्राण्यांत एकच नसतं. आपल्याकडे कुत्र्याचं सँपल बऱ्याचदा कोपऱ्यावरच्या माणसांच्या लॅबला जातं, तिथला टी-फोर एकवेळ धरता येईल, पण माणसांच्या किटवर काढलेलं टीएसएच कुत्र्यासाठी निव्वळ कागद. लॅबला फोन करून हे आधी विचारा.

फ्री टी-फोर हा कॉलम, तोही डायलिसिस पद्धतीचा (लॅबमध्ये सँपल पातळ पडद्यातून गाळून मोजलेला) असेल तर, प्रोटीनला न चिकटलेला भाग मोजतो आणि दुसऱ्या आजारांनी तुलनेने कमी हलतो. टी-थ्री, म्हणजे थायरॉईडचं दुसरं हॉर्मोन, कुत्र्यात निदानासाठी फारसा कामाचा नाही. अँटिबॉडीची गोष्ट वेगळी. १९५६ मध्ये माणसांच्या हाशिमोटो आजारात (यात शरीर स्वतःच्याच थायरॉईडवर हल्ला करतं) थायरोग्लोब्युलिन या ग्रंथीतल्या प्रोटीनविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या, नंतर लॅबमधल्या बीगल कुत्र्यांतही ग्रंथीवर तसाच हल्ला दिसला. पॉझिटिव्ह म्हणजे ग्रंथीवर हल्ला चालू आहे, ती बंद पडलीय असं नाही, लक्षणं दिसायला साधारण तीन चतुर्थांश ग्रंथी जावी लागते. काही कुत्र्यांत अँटिबॉडी खुद्द टी-फोरविरुद्धच असते, मग आकडा फुगून नॉर्मल दिसतो आणि आजार लपतो.

अजून एक, ग्रेहाउंड, सालुकी, व्हिपेट या नजरेने शिकार करणाऱ्या जातींचा टी-फोर मुळातच कमी असतो, ग्रेहाउंडचा तर कधी कधी मोजता येत नाही इतका, आणि कुत्रा मस्त पळत असतो. कारवानी आणि मुधोळ याच पठडीतले, तेव्हा त्यांचा रिपोर्ट लॅब्राडोरच्या रेंजवर लावून घाबरू नका.

निदान खरंच पक्कं झालं तर मेडिकलवाला डोस बघून दोनदा विचारेल. २० किलोच्या कुत्र्याला सुरुवातीला थायरॉक्सिनची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा देतात, ७० किलोच्या माणसाला दिवसाला शंभर-सव्वाशे पुरतात. कुत्र्याच्या रक्तात टी-फोर अर्ध्यावर यायला १०-१५ तास लागतात, माणसात आठवडाभर. म्हणूनच गोळी सुरू झाल्यावरची टेस्ट गोळीनंतर ४ ते ६ तासांनी करतात, आणि रिपोर्टवर ती वेळ लिहिलेली नसेल तर त्या आकड्याचा अर्थ लागत नाही.