रातुस दि पोरांव

रातुस दि पोरांव : ब्राझीलमधील हार्डकोर पंकच्या (पंक या बंडखोर रॉक संगीताचा अधिक वेगवान व आक्रमक उपप्रकार) आद्य बँडपैकी एक; अद्याप कार्यरत. पोर्तुगीज नावाचा अर्थ ‘तळघरातले उंदीर’. लष्करी राजवटीच्या (१९६४–८५) उत्तरकाळात, १९८१ साली, गिटारवादक झांव व त्याच्या साथीदारांनी साओ पाउलो येथे स्थापना केली. नोव्हेंबर १९८२ मध्ये तेथील सेस्क पोंपेया या सांस्कृतिक केंद्रात भरलेल्या पंक महोत्सवात बँडचा सहभाग होता. ‘सब’ (१९८३) या संकलनात त्याची गाणी कोलेरा आदी बँडसोबत आली. त्याच सुमारास झ्वांव गोर्दू गायक म्हणून दाखल झाला.

‘क्रुसिफिकादुस पेलू सिस्तेमा’ (१९८४) ही पहिली स्वतंत्र तबकडी. तीत झांव ड्रम वाजवतो, तर गिटारवर मिंगाऊ आहे. एकाच पंक बँडची ब्राझीलमधील, काहींच्या मते लॅटिन अमेरिकेतील, ही पहिली तबकडी असे म्हटले जाते. मात्र लिशोमानिया या बँडने १९८२ मध्येच आपली स्वतंत्र तबकडी काढली होती. ती सात इंची व मोजक्या गाण्यांची होती. त्यामुळे ब्राझीलपुरता हा मान दीर्घ तबकडीच्या बाबतीत मान्य करणे सयुक्तिक ठरते. खंडाविषयीचा दावा अधिक डळमळीत आहे. अर्जेंटिनाच्या लोस व्हिओलादोरेस या पंक बँडची दीर्घ तबकडी १९८३ ची आहे. तेव्हा हा दावा फार तर हार्डकोर या उपप्रकारापुरता उरतो. क्रमाच्या या वादात तबकडीचे खरे मोल झाकोळते. तिचा वेग आणि राग पुढच्या पिढीने उचलला. सेपुलतुरा या मेटल (जड, कर्कश रॉक) बँडनेही तिचे शीर्षकगीत ध्वनिमुद्रित केले.

‘देस्कांसे एं पाझ’ (१९८६) पासून थ्रॅश मेटल या मेटलच्या वेगवान प्रकाराचा प्रभाव वाढला. अनेक पंक अनुयायांनी याला फितुरी मानले. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने तो हार्डकोरचाच विस्तार होय, कारण गीतांचा राजकीय रोख बदलला नाही. बर्लिनमध्ये हॅरिस जॉन्सच्या निर्मितीखाली तयार झालेल्या ‘ब्राझिल’ (१९८९) मध्ये ॲमेझॉनच्या विनाशावरील गाणे आहे. हा संग्रह व ‘अनार्कोफोबिया’ (१९९१) इंग्रजीतही निघाल्याने बँड परदेशी श्रोत्यांपर्यंत पोहोचला.

ड्रमवादक बोका १९९१ पासून, तर बासवादक झुनिन्यू २००४ पासून बँडमध्ये आहे. ‘कार्निसेरिया त्रोपिकाल’ (१९९७), ‘सेकुलू सिनिस्त्रू’ (२०१४) आणि ‘नेक्रोपोलितिका’ (२०२२) हे नंतरचे उल्लेखनीय संग्रह.