टायफून ते टेम्पेस्ट: एका जाड पंखाची दुरुस्ती

हॉकर कंपनीच्या टेम्पेस्ट या लढाऊ विमानाचे आराखड्यावरचे पहिले नाव 'टायफून मार्क 2' असे होते. 1942 मध्ये नाव बदलले, पण नाते लपले नाही. हॉकरच्याच आधीच्या टायफून विमानात जिथे जिथे चुकले, तिथे तिथे टेम्पेस्टमध्ये बदल दिसतो. म्हणून सुरुवात टायफूनपासूनच करावी लागते.

त्याआधीच्या हरिकेन या हॉकरच्याच लढाऊ विमानाचे मर्लिन इंजिन हजार अश्वशक्तीच्या आसपासचे होते. त्याच्या जागी दोन हजार अश्वशक्तीचे विमान हवे, अशी ब्रिटिश हवाई मंत्रालयाची एफ. 18/37 ही मागणी होती. हॉकरचे मुख्य रचनाकार सिडनी कॅम यांनी एकाच सांगाड्याभोवती दोन विमाने आखली. रोल्स-रॉइसच्या व्हल्चर इंजिनाचे टॉर्नेडो आणि नेपियरच्या सेबर इंजिनाचे टायफून. व्हल्चर इंजिन पुढे सोडून द्यावे लागले आणि त्याबरोबर टॉर्नेडोही संपले. टायफून 24 फेब्रुवारी 1940 रोजी पहिल्यांदा उडाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात इंग्लंडने कारखान्यांची सारी ताकद हरिकेन, स्पिटफायर अशा हाताशी असलेल्या विमानांकडे वळवली आणि टायफूनचे काम रेंगाळले. उत्पादन सुरू झाल्यावर बहुतेक टायफून ग्लॉस्टरच्या कारखान्यात बनली.

सेबर इंजिन समजून घेण्यासारखे आहे, कारण अर्धे दुखणे तिथेच होते. इंग्रजी 'एच' अक्षर आडवे ठेवावे तशी 24 सिलिंडरांची मांडणी, दोन क्रँकशाफ्ट आणि मिनिटाला 3,700 फेरे. नेहमीच्या झडपा यात नव्हत्याच. प्रत्येक सिलिंडरच्या आत पोलादाची एक पातळ नळी, म्हणजे स्लीव्ह, वरखाली सरकत आणि थोडी फिरत असे. तिच्यावरची भोके सिलिंडरच्या भोकांसमोर आली की इंधन-हवेचे मिश्रण आत येई आणि जळका वायू बाहेर जाई. ही नळी अगदी गोल असावी लागते. हाताने जुळवलेल्या नमुना इंजिनांमध्ये ती गोल होती. घाऊक उत्पादन सुरू झाल्यावर ती किंचित लंबगोल निघू लागली, तेल जळू लागले आणि इंजिने मध्येच अडकू लागली. उपाय ब्रिस्टल कंपनीकडे होता. तिच्या टॉरस इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास सेबरइतकाच, 5 इंच होता आणि तिच्या स्लीव्ह टिकत होत्या. तो धातू आणि ती घासण्याची पद्धत वापरल्यावर सेबर ताळ्यावर आले. थंडीचा त्रास मात्र राहिला. घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन सुरू होत नसे, म्हणून हिवाळ्याच्या रात्री यांत्रिकांना ठरावीक वेळाने उठून ते चालवून गरम ठेवावे लागे. सुरुवातीलाच जास्त पेट्रोल गेले तर आग लागे, म्हणून अग्निशामक घेऊन एक माणूस शेजारी उभा असे.

कॉकपिटमध्ये इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड झिरपायचा. त्यामुळे इंजिन सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत वैमानिकाने ऑक्सिजनचा मुखवटा काढायचाच नाही असा नियम झाला. त्याहून भयंकर प्रकार पुच्छाचा होता. उडत्या विमानाचे शेपूटच तुटून पडायचे. आधी संशय शेपटीच्या जोडावर गेला. जोडाभोवती 20 पट्ट्या रिव्हेटने ठोकण्यात आल्या, तरी अपघात पूर्ण थांबले नाहीत. खरे कारण नंतर सापडले. एलिव्हेटरचे, म्हणजे विमानाचे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या हलत्या पट्टीचे, समतोल वजन धरणारा कंस थकून तुटे. तो तुटला की एलिव्हेटर थरथरू लागे आणि ती थरथर शेपूट उपटून काढी. मजबुती चुकीच्या ठिकाणी वाढवली तर काय होते, याचे इतके स्पष्ट उदाहरण विमानविद्येत क्वचितच सापडेल.

या सगळ्या दोषांवर इलाज होता. पंखाचा दोष मात्र रचनेतच होता. पंखाची जाडी त्याच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या रुंदीच्या टक्क्यांत मोजतात. टायफूनमध्ये ती मुळाशी 19.5 टक्के होती. तोफा, दारूगोळा आणि सारे इंधन अशा पंखात सहज मावते. पण ताशी 500 मैलांच्या पुढे सूर मारताना फुगीर पृष्ठभागावरची हवा जागोजागी आवाजाच्या वेगाला पोहोचते. मग प्रवाह फाटतो, ओढ एकदम वाढते आणि विमान हादरू लागते. उंचावर टायफून दमायचे. जमिनीलगत ते जबरदस्त होते, आणि 1944 मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीत रॉकेटे घेऊन त्याने नाव कमावले ते जमिनीवरच्या लक्ष्यांवरच.

नव्या पंखाची जाडी मुळाशी 14.5 आणि टोकाशी 10 टक्के ठरली. ऐकायला फरक फक्त पाच टक्क्यांचा, पण त्याने सगळे विमान बदलून टाकले. पातळ पंखात पुरेसे इंधन मावेना, म्हणून कॉकपिटच्या पुढे 21 इंचांचा नवा कप्पा घालून त्यात 76 गॅलनांची टाकी बसवली. नाक लांबल्यावर दिशा स्थिर राहीना, म्हणून पुच्छाचा उभा पट्टा मोठा केला. चार 20 मिलिमीटर तोफांना जागा हवी, म्हणून पंख लंबवर्तुळाकार केला. त्या आकारात तोफांजवळची रुंदी टिकून राहते. नाकावरच्या मोठ्या पंख्याचे (प्रोपेलरचे) पाते जमिनीला लागू नये म्हणून चाकांचे पाय लांब केले, आणि ते पातळ पंखात मावावेत म्हणून दुमडताना आखूड होणारी डाउटी कंपनीची जोडणी लावली. एका आकड्याचा पाठलाग करत साखळी कुठवर जाते ते इथे दिसते.

मार्क क्रमांकांनी गोंधळून जाऊ नये, कारण ते इंजिनांच्या पर्यायांचे आहेत, कालक्रमाचे नाहीत. सगळ्यात आधी, 2 सप्टेंबर 1942 रोजी, उडाले ते मार्क 5. त्यात टायफूनचेच सेबर 2 आणि हनुवटीखालचा, म्हणजे नाकाखालचा, रेडिएटर होता. मार्क 1 मध्ये सेबर 4 होते आणि रेडिएटर पंखाच्या पुढच्या कडेत दडवले होते. ते सर्वांत देखणे होते आणि चाचणीत ताशी 460 मैलांपर्यंत गेले. पण इंजिन रखडले आणि पंखातल्या रेडिएटरवर मंत्रालयाचा भरवसा बसला नाही. म्हणून कमी जोखमीचे मार्क 5 आधी कारखान्यात गेले. त्याची सुमारे 800 विमाने झाली. पहिल्या शंभरात तोफांची नळकांडी पंखाबाहेर डोकावतात. नंतरच्या विमानांत आखूड तोफा आहेत, त्यामुळे कड सपाट दिसते. जुन्या छायाचित्रात पहिली मालिका ओळखण्याची ही सोपी खूण आहे.

13 जून 1944 पासून लंडनवर जर्मनीची व्ही-1 ही वैमानिकाशिवाय उडणारी बाँब-विमाने येऊ लागली. दोन-तीन हजार फुटांवरून, ताशी साडेतीनशे मैलांच्या पुढे. नेमक्या याच उंचीवर टेम्पेस्ट सर्वांत वेगवान होते. दक्षिण इंग्लंडमधल्या न्यूचर्चच्या तात्पुरत्या धावपट्टीवरून रोलंड बीमंट यांच्या विंगने (काही स्क्वाड्रनांच्या गटाने) ही शिकार केली. 150 ऑक्टेनचे पेट्रोल वापरून इंजिनाचा दाब वाढवला आणि चारही तोफांचा मारा 300 यार्डांवर एका बिंदूत जुळवला. याहून जवळ गेले तर फुटणाऱ्या बाँबचे तुकडे आपल्यालाच लागत, आणि लांबून इतक्या लहान लक्ष्यावर नेम बसत नसे.

मार्क 6 हे जास्त शक्तीच्या सेबर 5 चे होते. त्याची 142 विमाने झाली. आपल्याला जवळचे ते मार्क 2. त्यात ब्रिस्टलचे हवेने थंड होणारे सेंटॉरस इंजिन होते, म्हणून हनुवटीखालचा रेडिएटर गेला आणि पूर्वेकडच्या उष्ण प्रदेशांसाठी हाच प्रकार योग्य ठरला. हाती लागलेल्या जर्मन फोक-वुल्फ 190 मुळे असे सिलिंडर वर्तुळात मांडलेले गोल इंजिन बारीक नाकात कसे बसवावे हे समजले होते. सुरुवातीची कंपने इंजिनाचे आधार बदलून आटोक्यात आणली. जपानविरुद्धच्या युद्धात ते पोहोचण्याआधीच युद्ध संपले.

मग ही विमाने भारतीय हवाई दलात आली. ऑक्टोबर 1947 च्या अखेरीस काश्मीरमध्ये टोळीवाले घुसले, तेव्हा 7 क्रमांकाच्या स्क्वाड्रनची टेम्पेस्ट अंबाल्याहून खोऱ्यापर्यंत जाऊन हल्ले करून परत येत होती. पंख पातळ करताना नाकात घातलेली ती टाकी इथे कामी आली. काश्मीरमधल्या हवाई विंगचे नेतृत्व पुढे हृषिकेश मुळगावकर यांनी केले. त्यांना महावीर चक्र मिळाले आणि 1976 मध्ये ते हवाई दलप्रमुख झाले. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात आजही एक मार्क 2 उभे आहे. बाजूने पाहिले तर पंखाच्या मुळाशी हवा घेणारी तोंडे दिसतात, आणि समोरून पाहिले तर तो पंख किती पातळ आहे ते.