शिबिराला कोणाला न्यायचं, हे मुलांनाच विचारा

पहिला झुरका सहसा कुणी एकट्याने ओढत नाही. पहिल्या घोटाचंही तेच. "घे रे, एकदा घेतल्याने काही होत नाही" असं म्हणणारं कुणीतरी सोबत असतं. कित्येकदा तर तेवढंही म्हणावं लागत नाही, कारण सगळे घेत असताना आपणच नको म्हणायला जीभ रेटत नाही. किशोरवयीन मुलांच्या नेतृत्व शिबिरांचा विचार इथून सुरू करायला हवा. दोन-तीन दिवस मुलं घरापासून लांब एकत्र राहतात, खेळतात, बोलतात आणि व्यसनापासून दूर राहायचं ठरवतात. याने खरंच काही साधतं का? साधतं, पण शिबिर नीट आखलेलं असेल तरच. आखणी चुकली तर ते अंगाशीही येऊ शकतं, आणि या दोन्ही गोष्टी अभ्यासातून दिसून आल्या आहेत.

या वयात मित्र जवळ असले की धोका पत्करण्याचं गणितच बदलतं. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संगणकावर गाडी चालवायचा खेळ होता. पिवळा दिवा लागल्यावर गाडी जितकी पुढे न्याल तितके गुण जास्त, पण वेळेत थांबला नाहीत तर गाडी आदळणार आणि गुण जाणार. समवयस्क शेजारी बसले की किशोरवयीन मुलं एकट्याने खेळताना पत्करत त्यापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करू लागली. चोविशी ओलांडलेल्यांना कोण बघतंय याने फारसा फरक पडला नाही. पुढे २०११ साली अशाच खेळाच्या वेळी मेंदूची चित्रं घेतली गेली. मित्र बघताहेत एवढं कळलं, तरी किशोरांच्या मेंदूतला व्हेंट्रल स्ट्रायटम हा भाग जास्त सक्रिय होत होता. बक्षिसाची ओढ लावण्यात या भागाचा मोठा वाटा असतो. परिणामांचा विचार करून आवर घालणारा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत घडतच असतो.

म्हणून नुसतं व्याख्यान कमी पडतं. १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. पोलीस अधिकारी वर्गात येऊन अमली पदार्थांचे धोके समजावून सांगत. कार्यक्रम अमेरिकाभर पसरला, पण त्यावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा प्रत्यक्ष सेवनावर त्याचा परिणाम जवळपास नसल्यासारखाच निघाला. धोका काय आहे हे मुलांना ठाऊक असतं. अडतं ते चारचौघांत.

मग त्या चारचौघांनाच हाताशी धरलं तर? इंग्लंड आणि वेल्समधल्या ५९ शाळा घेऊन त्यांतल्या सुमारे निम्म्या शाळांत नेमकं हेच करून पाहिलं गेलं; बाकीच्या तुलनेसाठी होत्या. 'असिस्ट' नावाच्या या चाचणीत १२-१३ वर्षांची दहा हजारांहून जास्त मुलं होती, आणि तिचे निष्कर्ष २००८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. मला यातली सगळ्यात मोलाची वाटते ती मुलं निवडण्याची पद्धत. शिक्षकांना कुणाचीही नावं विचारली नाहीत. मुलांनाच कागदावर लिहायला सांगितलं: तुम्ही कुणाचा मान राखता, खेळात किंवा गटात पुढाकार कोण चांगला घेतं, तुम्हाला कुणासारखं व्हावंसं वाटतं. ज्यांची नावं सर्वांत जास्त वेळा आली, त्यांना बोलावलं. अशा यादीत पहिल्या बाकावरची शहाणी मुलं असतात, तशी शिक्षकांच्या डोक्याला ताप देणारीही असतात. त्यांना वगळायचा मोह आवरावाच लागतो, कारण बाकीची मुलं कान देतात ते त्यांच्याकडेच.

या मुलांना शाळेबाहेर नेऊन दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. भाषण ठोकायला कुणी शिकवलं नाही. सहज बोलता बोलता विषय कसा काढायचा, समोरच्याचं ऐकून कसं घ्यायचं, वाद न घालता आपलं म्हणणं कसं मांडायचं, याचा सराव झाला. मग दहा आठवडे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये, घरी जाताना मित्रमैत्रिणींशी गप्पा मारायच्या आणि त्यांची साधी नोंद ठेवायची, इतकंच काम. मधून मधून प्रशिक्षक शाळेत येऊन त्यांना भेटत होते. दोन वर्षांचा पाठपुरावा एकत्र धरला, तर या शाळांतल्या मुलांनी नियमित धूम्रपान करण्याची शक्यता, संख्याशास्त्रातल्या 'ऑड्स'च्या (करणारे विरुद्ध न करणारे या प्रमाणाच्या) हिशेबात, तुलनेच्या शाळांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी कमी भरली. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी हा फरक ओसरू लागला होता. म्हणूनच, शिबिराचा सगळा पैसा त्या दोन दिवसांवरच खर्चून पुढच्या महिन्यांसाठी काहीच न ठेवणारे आयोजक दिसले की मला मनापासून वाईट वाटतं.

गप्पांमधून होतं काय? एक म्हणजे गैरसमज उतरतात. प्रिन्स्टन विद्यापीठात डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली दाखवलं, की दारू पिण्याबद्दल आपण जितके निवांत आहोत त्यापेक्षा इतर सगळे जास्त निवांत आहेत, असं विद्यार्थी धरून चालतात. प्रत्येक जण मनातून अस्वस्थ असतो आणि तोंडाने मात्र गप्प. मान असलेल्या एखाद्याने "मला नाही आवडत" असं साधेपणाने म्हटलं की इतरांनाही बोलायला धीर येतो. शिवाय नकार द्यायचा सरावही लागतो. 'कुणी पुढे केलं तर मी हे म्हणेन' असं नेमकं वाक्य आधी ठरवून, दोन-चारदा मोठ्याने म्हणून बघितलेलं असलं, तर ऐनवेळी ते तोंडातून निघण्याची शक्यता वाढते. नुसत्या 'मी व्यसन करणार नाही' या निश्चयात ही नेमकी वेळ आणि नेमके शब्द नसतात.

आता दुसरी बाजू. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ साली मुलग्यांसाठी एक मोठा प्रकल्प सुरू झाला. समुपदेशक, अभ्यासात मदत, उन्हाळी शिबिरं, सगळं चांगल्या हेतूनेच. अपराधशास्त्रज्ञ जोन मॅकॉर्ड यांनी तीसेक वर्षांनी या मुलांचा माग काढला, तेव्हा मदत न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा मदत मिळालेल्यांची स्थिती काही बाबतींत वाईट आढळली. अधिक तपासल्यावर दिसलं, की तोटा मुख्यतः एकापेक्षा जास्त वेळा उन्हाळी शिबिराला पाठवलेल्या मुलांत एकवटला होता. कारणाचा एक धागा मानसशास्त्रज्ञ टॉम डिशन यांच्या अभ्यासांत सापडतो. त्यांनी मित्रांच्या गप्पा चित्रित करून तपासल्या. नियम मोडल्याच्या बढाईला ज्या जोड्यांत हशा मिळत होता, त्या मुलांचं पुढचं अमली पदार्थांचं सेवन वाढलेलं दिसलं. तो हशाच त्यांना शाबासकीसारखा लागू पडत होता.

म्हणजे 'बिघडलेली' मुलं हेरून त्यांचंच वेगळं शिबिर भरवणं हा सर्वांत जोखमीचा मार्ग. गट मिसळलेले हवेत. प्रत्येक लहान गटासोबत सतत एखादा ताई-दादा हवा, आणि वेळापत्रकातल्या मोकळ्या तासांची आखणी सत्रांइतकीच काळजीपूर्वक व्हायला हवी. रात्री जेवणं आटोपल्यावर रंगणाऱ्या गप्पांत कशावर हसलं जातंय, तिथे त्या ताई-दादांचे कान हवेत. शिबिर संपल्यावर अभिप्रायाच्या कागदावर 'खूप मजा आली' लिहून येतंच. त्यापेक्षा वर्षभराने त्याच मुलांना, आणि शिबिराला न आलेल्या त्यांच्या वर्गमित्रांनाही, नाव न विचारता सेवनाबद्दल विचारावं. परिणाम शोधायचा तो या दुसऱ्या गटात.