स्पाइकची पिन वेगळी, बुटाचा तळ वेगळा

शालेय मैदानी स्पर्धा जवळ आल्या की दरवर्षी तेच ऐकू येतं. "सर, स्पाइकवर (म्हणजे तळाला पिना असलेल्या धावायच्या बुटावर) बंदी आली म्हणते." मोबाइलवर जाड तळाच्या बुटाचं एखादं चित्र फिरत असतं, त्यावर लाल फुली मारलेली. पोट्टे ते पाहतात आणि आपल्या बुटाच्या पिना उपटून बसतात. ती फुली तळाच्या जाडीवर असते, तिचा पिनांशी काही एक संबंध नसतो.

पिना आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहेत, त्यामुळं थोडक्यात सांगतो. एका बुटाला जास्तीत जास्त ११ पिना. सिंथेटिक, म्हणजे रबरासारख्या कृत्रिम थराच्या ट्रॅकवर पिन ९ मिलिमीटरपर्यंत, उंच उडी आणि भालाफेकीला १२ पर्यंत. मातीच्या मैदानावर २५ मिलिमीटरपर्यंत चालते. फुटबॉलच्या स्टडला (तळाला जाड गुट्ट्या असलेल्या बुटाला) स्पाइक म्हणून विकणारे दुकानदार प्रत्येक तालुक्यात आहेत. ते बूट धावायला घेऊ नका, जड असतात.

खरा घोळ पुढं आहे. पिनेची मर्यादा मैदानासाठी आहे. लांब पिन सिंथेटिकचा थर फाडते, आणि तो थर दुरुस्त करायला फार पैसा लागतो. म्हणून मैदान ज्याच्या ताब्यात आहे त्याला ही मर्यादा आणखी खाली आणता येते. नियमात ९ असले तरी एखादं संकुल ६ च मिलिमीटर चालू देतं, आणि तिथं त्यांचाच शब्द शेवटचा. गावच्या मुरमावर लांब पिना लावून पळणारा पोरगा नागपूरला मानकापूरच्या सिंथेटिक ट्रॅकवर गेला, तर बूट तोच ठेवून पिना बदलायच्या. एवढंच काम.

तळाच्या जाडीचा मैदानाशी संबंध नाही. तो निर्बंध बुटातून मिळणाऱ्या फायद्यावर आहे. नव्या बुटांच्या तळात हलका, उसळी देणारा फोम असतो आणि त्यात एक कडक पट्टी बसवलेली असते. पाय टेकला की फोम दबतो आणि उचलताना ती ताकद बरीचशी परत देतो. तळ जितका जाड, तितका हा फोम जास्त मावतो. म्हणून जागतिक ॲथलेटिक्स संघटनेनं जाडी बांधून दिली: रस्त्यावरच्या शर्यतीला ४० मिलिमीटर, आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून ट्रॅकवर धावण्याच्या सगळ्या शर्यतींना २० मिलिमीटर. कडक पट्टीही एकाच थराची हवी. जाडी मोजताना आतलं सोलसुद्धा धरतात.

२०२१ च्या व्हिएन्ना मॅरेथॉनमध्ये इथिओपियाचा देरारा हुरिसा पहिला आला आणि बाद झाला. त्याच्या बुटाचा तळ ५० मिलिमीटरचा होता. पायात एकही पिन नव्हती. व्हिएन्नाचा रस्ता काही त्या बुटानं खराब झाला नसता.

म्हणजे पिनेची मर्यादा जागेप्रमाणे बदलते, तळाची मर्यादा शर्यतीप्रमाणे. हे डोक्यात बसलं नाही की पोरं उलटंच करतात. बिनपिनांचा, रस्त्यावरचा महागडा जाड बूट घेऊन १५०० मीटरला उभे राहतात. पिन नाही, मग अडचण काय, असं त्यांना वाटतं. तालुक्याला कुणी तळ पाहत नाही. पुढं वरच्या स्पर्धेत पंच पाहतात तेव्हा दुसरा बूट जवळ नसतो, आणि घरच्यांनी कापसाच्या पैशातून घेतलेला बूट पिशवीत राहतो. याचा मला मनापासून राग येतो, कारण विकणाऱ्यानं एक प्रश्न विचारला असता तर हे टळलं असतं: रस्त्यावर पळतो का ट्रॅकवर?

गोल्फमध्येही हीच विभागणी आहे. धातूच्या खिळ्यांचे बूट अनेक क्लब स्थानिक नियमानं बंद ठेवतात, हिरवळ वाचावी म्हणून. ड्रायव्हर म्हणजे लांब फटक्याची काठी, तिचं डोकं ४६० घन सेंटिमीटरच्या वर नको, हा मात्र खेळाचा नियम आहे, क्लब कुठलाही असो.

पोलीस भरतीच्या १६०० मीटरला यातलं काहीच आपोआप लागू होत नाही. तिथं त्या भरतीच्या सूचनेत बुटाबद्दल जे लिहिलंय तेवढंच पाहायचं.

माझं मत विचाराल तर मुरमावर रोजच्या सरावाला साधा, पातळ तळाचा बूट घ्या. पाऊस झाला की काळ्या मातीत स्पाइक घालूच नका. पिनांमध्ये चिखलाचा गोळा बसतो आणि पिन जमिनीत जातच नाही. पिना काढून ठेवल्या तर छिद्रं उघडी सोडू नका, त्यात सपाट झाकणं बसवा. आट्यांत माती गेली की पिन अर्धीच बसते आणि धावताना निखळते. बुटासोबत आलेला छोटा पाना आणि ६ मिलिमीटरच्या पिनांचा एक जादा संच पिशवीत कायम असू द्या.