गवती चहा आणि सोन्याचे त्रिकोण

पावसाळ्यात चहाच्या आधणात गवती चहाची पात कात्रीने कापून टाकली की घरभर वास सुटतो. पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) डॉ. मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनीही हीच पात धुतली, चिरली, उकळली. नंतर त्या गाळलेल्या काढ्यात घातलं ते सोन्याच्या क्षाराचं पाणी. सूक्ष्मदर्शकाखाली दिसले सोन्याचे चपटे त्रिकोण! २००४ साली 'नेचर मटेरियल्स'मध्ये हे काम प्रसिद्ध झालं.

क्षारातल्या सोन्याच्या अणूंना इलेक्ट्रॉनांची उणीव असते. पातीतल्या शर्करा ते पुरवतात आणि धातू मोकळा होतो, इथवर नवल नाही. नवल आहे आकाराचं. आधी इवले गोल कण तयार होतात, एकमेकांना चिकटतात आणि मिसळून सपाट त्रिकोण बनतात. सोनं वितळवायला सोनाराला १०६४ अंश सेल्सिअस गाठावे लागतात, मग हे कण खोलीच्या तापमानाला मिसळतात कसे? संशोधकांचं म्हणणं असं, की काढ्यातली अल्डिहाइड आणि कीटोन संयुगं कणांच्या पृष्ठभागाला धरून राहतात, म्हणून ते द्रवासारखे मऊ वागतात. काढा वाढवला की त्रिकोण लहान होतात आणि गोल कणांचं प्रमाण वाढतं. थोडक्यात, चहा कडक की फिका यावर सोन्याची घडण ठरते.

पण त्रिकोणच कशाला हवेत? सोन्याचे नॅनोगोल, म्हणजे ते इवले गोल कण, साधारण ५२० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) तरंगलांबीचा हिरवट प्रकाश शोषतात, म्हणून त्यांचं पाणी माणकासारखं लाल दिसतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये हाच रंग अभ्यासला होता. त्रिकोणात इलेक्ट्रॉनांना हेलकावे घ्यायला लांब जागा मिळते आणि शोषण सरकत डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यात जातं. धातू तोच, घडण बदलली की गुण बदलला. सूर्याच्या उष्णतेचा मोठा वाटा अवरक्त किरणांत असतो, त्यामुळे खिडकीच्या काचेवर अशा कणांचा पातळ थर देऊन उकाडा बाहेर अडवता येईल का, हे याच गटाने तपासलं. शरीराच्या ऊतींमधून अवरक्त प्रकाश बऱ्यापैकी आत जातो, म्हणून कर्करोगाच्या पेशी तापवून मारण्याची कल्पनाही पुढे आली.

कडुनिंब, आवळा, चिंच, कोरफड, सगळ्यांचे काढे या गटाने करून पाहिले. पुढे जगभर याची लाटच आली. हाताला लागेल तो पाला उकळायचा, सिल्व्हर नायट्रेट हा चांदीचा क्षार घालायचा आणि शोधनिबंध लिहायचा. काढ्यातलं नेमकं कोणतं संयुग काम करतं, हे शोधायचे कष्ट मात्र त्यातल्या फार थोड्यांनी घेतले, असं माझं मत. पात या ऋतूतली की त्या, यावरही काढा बदलतो. एकसारखा माल काढणाऱ्या कारखान्याला हे परवडत नाही.

शास्त्री पुढे पुण्यातच टाटा केमिकल्सच्या संशोधन केंद्रात गेले. तिथून २००९ च्या डिसेंबरात 'टाटा स्वच्छ' हा पिण्याच्या पाण्याचा फिल्टर आला. भाताच्या तुसाची राख, तिच्यावर चांदीचे नॅनोकण. वीज नको, नळाचं पाणी नको, किंमत तेव्हा हजाराच्या आत. चांदीतून झिरपणारे आयन (विद्युतभारित अणू) जंतू मारतात आणि त्यासाठी कण गोल असले तरी चालतात.