उभ्या पद्मिनीला रोज पाच मिनिटं ‘चालू’ करणं: एक खुलासा

जुनी प्रीमियर पद्मिनी किंवा अँबॅसडर गाडी बाळगणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला: गाडी चालवत नसलात तरी रोज पाच मिनिटं जागेवर सुरू ठेवा, इंजिन चांगलं राहतं. हेतू चांगला असला तरी यातून इंजिनाचं नुकसानच होतं.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. इंजिन तापलेलं असेल तर ती वाफ बाहेर निघून जाते. पाच मिनिटांत मात्र सायलेन्सर आणि ऑइल थंडच असतात, त्यामुळे वाफेचं तिथेच पाणी होतं. सायलेन्सर आतून गंजतो. त्यात चोक (थंड इंजिन सुरू व्हावं म्हणून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) ओढलेला असतो; जास्तीचं कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरची ऑइलची फिल्म धुऊन खाली ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल पातळ होतं. इंजिनात ऑइल भरायच्या तोंडाच्या झाकणाखाली साचणारा पांढरट चिकटा बऱ्याचदा याच सवयीचा पुरावा असतो. (लोक लगेच हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं सील, गेलं म्हणून घाबरतात!)

बॅटरीचंही तेच. डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं जनित्र) असलेल्या जुन्या गाड्यांत आयडलिंगला, म्हणजे इंजिन जागेवर मंद चालू असताना, चार्जिंग जवळजवळ होतच नाही, उलट स्टार्टर बॅटरी खातो.

त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास गाडी रस्त्यावर नीट पळवा. ब्रेक, क्लच, गिअरबॉक्स, टायर यांनाही तेवढंच काम मिळतं. तेही जमणार नसेल तर बॅटरीची वायर काढा आणि गाडी खुशाल शांत उभी राहू द्या.