उन्हाचा मेलानोमा आणि आतला मेलानोमा: नाव एकच, म्युटेशन मात्र वेगळी

मावशीला कितीतरी महिने मूळव्याध समजून औषधं चालू होती, शेवटी बायोप्सीत गुदद्वाराचा मेलानोमा, म्हणजे रंग बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर निघाला आणि घरात प्रत्येकाचं एकच, अगं ती उन्हात फिरली कधी? प्रश्न बरोबरच होता, कारण ऊन लागून होतो तो कातडीचा मेलानोमा, आणि हा म्युकोसल, म्हणजे आतल्या अस्तराचा.

रंग बनवणाऱ्या पेशी दोन्हीकडे त्याच, पण त्या नाकात, तोंडात, गुदद्वारात, योनीमार्गात, आतल्या ओल्या अस्तरातही असतात, जिथे ऊन पोचतच नाही. गोऱ्या लोकांत म्युकोसल प्रकार शंभरात जेमतेम एक, चीनमध्ये मात्र चार-पाच मेलानोमांमागे एक, म्हणजे तिकडे म्युकोसल वाढलाय असं नाही, कातडीचाच कमी होतो.

आता जीन्स बघा. उन्हामुळे डीएनएच्या अक्षरांत सी च्या जागी टी अशा हजारो चुका साठतात आणि साधारण निम्म्या कातडीच्या मेलानोमात बीरॅफ जीन बिघडलेला असतो, म्हणजे त्यात म्युटेशन असतं, बहुतेक वेळा व्ही६००ई, म्हणजे प्रोटीनमध्ये ६०० व्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक ॲसिड येतं, बस एवढंच, पण त्यामुळे पेशीला वाढ वाढ असा सिग्नल सतत चालू राहतो. हे २००२ मध्ये कळलं आणि २०११ मध्ये त्यावरची गोळी वेमुराफेनिब अमेरिकेत मंजूर झाली.

म्युकोसलमध्ये अशा एकेका अक्षराच्या चुका कमी, क्रोमोसोमचे तुकडे तुटून भलतीकडे जोडले गेलेले आणि काही जीन्सच्या जास्तीच्या कॉपी झालेल्या, हे जास्त. बीरॅफ दहा टक्क्यांच्या आतच, तोही बऱ्याचदा ६०० सोडून दुसऱ्याच जागी, मग ती गोळी लागू पडत नाही. इथे जास्त बिघडलेला दिसतो तो किट नावाचा जीन, साधारण १० ते २० टक्क्यांत, आणि गुदद्वार-योनीकडच्या गाठींत एसएफ३बी१ हा जीन पण, जो डोळ्याच्या मेलानोमातही सापडतो.

किटबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, आम्ही इथेच चुकलो. रिपोर्टवर ‘सीडी११७ पॉझिटिव्ह’ (सीडी११७ म्हणजे किटचंच प्रोटीन) वाचून आम्हाला वाटलं किट म्युटेशन मिळालं, किटवरची गोळी इमॅटिनिब सुरू होणार, मी तर मामाला रात्री फोन करून सांगून टाकलं. पण तो नुसता डाग होता, म्हणजे गाठीच्या तुकड्यावर रंग चढवून केलेली तपासणी, गाठीत किटचं प्रोटीन आहे एवढंच तो सांगतो, जीन बिघडलाय का ते सिक्वेन्सिंग, म्हणजे जीनची अक्षरं वाचून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि इमॅटिनिबचा फायदा दिसलाय तो मुख्यतः एक्झॉन (जीनचा तुकडा) ११ किंवा १३ मधल्या म्युटेशनला, नुसत्या जास्त कॉपी असतील तर फारसा नाही, आणि म्युटेशन असलं तरी प्रत्येकाला होतोच असंही नाही.

म्हणून रिपोर्टवर ‘बीरॅफ निगेटिव्ह’ बघून सगळं संपलं असं समजू नका, डॉक्टरांना स्पष्ट विचारा की किटचं सिक्वेन्सिंग झालंय का, कुठल्या एक्झॉनचं. आणि मावशीच्या मुलींना जी धास्ती होती, की हे आमच्यातही असेल का, तर किटची ही म्युटेशन जन्मतः आलेली नसते, त्या गाठीच्या पेशींतच नंतर झालेली असते.